अग्निशमन दलाचा पाइप बँड कोकणात उभा करायचा तर

अग्निशमन केंद्रात 'आपला पाइप बँड काढूया' असं कुणी बोललं की लगेच दुसरा विचारतो, "पाइप मिळतात कुठे?" हा प्रश्न वर्षभराने विचारायचा आहे. बॅगपाइप आधी आणले आणि शिकवणारा नंतर शोधायला निघालो, तर एका पावसाळ्यात पिशवीला बुरशी येते, सांधे फुगून बसतात आणि अख्खा संच कपाटावर जातो. आधी माणसं, मग परवानगी, मग शिकवणारा, मग प्रॅक्टिस चँटर (सरावाची नळी) आणि ढोल, आणि पाइप सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर रत्नागिरी, रायगड किंवा सिंधुदुर्गात पावणेदोन-दोन वर्षांत दहा माणसांचा ऐकण्यासारखा बँड तयार होतो. त्याआधी नाही. 'सहा महिन्यांत करून देतो' म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

आग विझवणाऱ्यांचा बॅगपाइपशी संबंध आला तो अमेरिकेत. तिथल्या मोठ्या शहरांच्या पोलीस आणि अग्निशमन दलांत आयरिश स्थलांतरित मोठ्या संख्येने भरती झाले आणि त्यांच्यासोबत अंत्ययात्रेत पाइप वाजवायची रीत आली. न्यूयॉर्क अग्निशमन दलाचा एमराल्ड सोसायटी पाइप बँड 1962 सालचा. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात त्या दलाचे 343 जण गेले आणि त्यानंतर कितीतरी महिने हा बँड एका अंत्ययात्रेतून दुसरीत जात राहिला. आपल्याकडे पाइप आले ते फौजेतून. इंग्रज गेले तरी पायदळाच्या रेजिमेंटांनी ते सोडले नाहीत, आणि गढवाल-कुमाऊँत तर मशकबीन होऊन ते लग्नाच्या वरातीत शिरले.

वाजवायला निमित्त मात्र आपलं स्वतःचं आहे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि तिथून 20 एप्रिलपर्यंत सप्ताह असतो. बहुतेक छोट्या केंद्रांत त्या सकाळी मोबाइलला स्पीकर जोडून धून लावतात. बँड उभा करायचा तो मुख्यतः या सकाळीसाठी, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगून ठेवावं.

माणसं: एका केंद्राच्या आवाक्यातलं काम नव्हे

सहा पाइपर, दोन साइड ड्रम, एक टेनर ड्रम, एक बेस ड्रम. याहून कमी माणसांत पाइप बँडचा भरणा लागत नाही. पाळ्या, रजा आणि बदल्या धरल्या तर दहा उभे राहण्यासाठी पंधरा-सोळा जण तयार करावे लागतात. कोकणातल्या नगरपरिषदेच्या केंद्रात एका पाळीला बंब बाहेर काढण्यापुरतीच माणसं असतात, तिथून सोळा आणणार कुठून?

म्हणून बँड जिल्ह्याचा काढावा. रत्नागिरी जिल्ह्याचं उदाहरण घ्या. खेड, चिपळूण आणि लोटे-परशुरामचं एमआयडीसी केंद्र यांचा एक गट, रत्नागिरी आणि राजापूरचा दुसरा. आठवड्याचा सराव आपापल्या गटात, महिन्यातून एकदा सगळे एकत्र. रायगडात महाड, रोहा, अलिबाग अशी मांडणी बसते. निवृत्त कर्मचारी आवर्जून घ्यावेत. त्यांना वेळ असतो, आणि बंबाची वर्दी आली म्हणून त्यांना सराव सोडून धावावं लागत नाही. कर्मचाऱ्यांची मुलं-मुली, नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक चालतील का? ढोलासाठी जरूर चालतील. गणवेशाचा प्रश्न नंतर सोडवता येतो.

एक नियम मात्र लेखी असावा: पाळीवरचा माणूस बँडसोबत केंद्राबाहेर जाणार नाही. कार्यक्रमाला फक्त सुटीवरचे आणि निवृत्त. पाळीवर असताना चँटर आणि सरावाचं रबरी पॅड चालेल, पूर्ण पाइप नाही. चार पाइप एकदम सुरू झाले की शेजारच्या खोलीतला फोनसुद्धा ऐकू येत नाही, आणि अग्निशमन केंद्रात फोन ऐकू न येणं परवडणारं नाही. वॉचरूमपासून (वर्दीचा फोन घेण्याच्या खोलीपासून) दूर, शक्यतो मागच्या आवारात सराव ठेवावा.

कागदपत्रं

नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज, पुढे सर्वसाधारण सभेचा ठराव. एमआयडीसीच्या कर्मचाऱ्यांसाठी त्यांच्या वरिष्ठांची वेगळी परवानगी. अर्जात 'बँड' एवढंच लिहू नका. सराव पाळीबाहेर होईल, वर्दीला प्राधान्य राहील, वाद्यांची मालकी अमुक संस्थेची असेल, हे तिन्ही मुद्दे घाला. फाइल अडते ती बहुतेक वेळा याच तीन प्रश्नांवर.

पैसे गोळा करायचे तर किमान सात जणांची संस्था करून ती धर्मादाय कार्यालयात नोंदवणं बरं. वाद्यं संस्थेच्या नावावर राहिली की अधिकारी बदलला तरी ती कुलूपबंद होत नाहीत. देणगीबाबत जरा कडक राहायला हवं. लोट्यात, महाडात, रोह्यात रासायनिक कारखाने आहेत आणि देणगी द्यायला ते तयारही होतील. पण आग प्रतिबंधक अधिनियम, 2006 खाली ज्यांचा ना-हरकत दाखला आपल्याच टेबलावर आहे, त्यांच्याकडून साधी ढोलाची कातडीसुद्धा घेऊ नये. गावकऱ्यांच्या शंभर-दोनशेच्या पावत्या फाडायला वेळ लागतो, पण त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

आणि सुपारी घ्यायची नाही. लग्न नाही, वाढदिवस नाही, पुढाऱ्याचा सत्कार नाही. गणवेशातला बँड एकदा वरातीत दिसला की 14 एप्रिलला त्याच माणसांकडे कुणी मान खाली घालून पाहणार नाही.

शिकवणारा

कोकणातल्या गावागावांत फौजेतून निवृत्त झालेली माणसं आहेत आणि त्यांत पाइप बँडमधून आलेलेही असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन 'रेजिमेंटच्या पाइप बँडमध्ये कुणी होतं का' असं थेट विचारा. माजी सैनिकांच्या तालुका संघटनेतही निरोप पोहोचवा. फौजेत वाजवलेला माणूस सूर, चाल आणि शिस्त तिन्ही एकदम शिकवतो. मानधन ठरवून द्या. 'सेवा म्हणून' आलेला गुरुजी शेतीची कामं निघाली की यायचा थांबतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

पाइपवाला मिळालाच नाही तर? स्वरलिपी वाचणारा माणूस तरी शोधा. वसई परिसरात, दक्षिणेला सावंतवाडी-वेंगुर्ल्यापलीकडे गोव्यात, चर्चच्या आणि लग्नाच्या बँडमुळे असे वादक भेटतात. ते बोटं शिकवू शकणार नाहीत, पण मात्रा आणि वाचन पक्कं करून देतील. बोटांसाठी व्हिडिओवर शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांचा आधार घ्यावा लागेल. निव्वळ व्हिडिओवर बँड उभा राहतो यावर माझा विश्वास नाही. चुकीचं बोट सहा महिने घोटलं की ते काढायला वर्ष जातं.

चँटर: पहिलं वर्ष इथेच

प्रॅक्टिस चँटर म्हणजे पिशवी नसलेली, हळू आवाजाची सरावाची नळी. प्रत्येकाची स्वतःची असावी. सुरुवात जूनमध्ये करा. पावसाळ्यात पुराच्या तयारीसाठी माणसं केंद्रात बसून असतात आणि चँटरला जागा लागते ती खुर्चीएवढी.

या वाद्याला सूर नऊच. आपल्या भाषेत सांगायचं तर खालचा कोमल नी, मग सा रे ग म प ध, वरचा कोमल नी आणि तार सा. म्हणजे खमाज थाटाचे सूर, आणि मागे तीन ड्रोन (एकच सूर देणाऱ्या लांब नळ्या) सतत 'सा' धरून असतात. दोन टेनर ड्रोन मूळ 'सा'च्या एक सप्तक खाली, बेस दोन सप्तकं खाली. ज्याने तंबोऱ्यावर चार दिवस काढलेत त्याला हे लगेच कळतं. स्कॉटलंडमध्ये जुने पाइपर कागदाशिवाय, विशिष्ट अक्षरं गाऊन रचना शिकवत. आपल्याकडे सरगम आहेच, तीच वापरा. आधी गाऊन घ्यायचं, मग वाजवायचं. गाता येत नाही ते बोटांत उतरत नाही.

अवघड भाग वेगळाच आहे. पाइपचा आवाज थांबवता येत नाही आणि लहान-मोठाही करता येत नाही. पिशवीत हवा आहे तोवर तो चालूच. मग 'सा सा' असं दोनदा वाजवायचं कसं? मध्ये क्षणभर वरचा एखादा सूर चमकवून. याला ग्रेसनोट म्हणतात. आपल्या कणस्वराचाच हा चुलतभाऊ, फक्त इथे तो सजावट म्हणून येत नाही, दोन सुरांमधली भिंत म्हणून येतो. बोट उचलायचं आणि लगेच टाकायचं, इतकं झटपट की सूर ऐकू येण्याऐवजी नुसता 'टक्' जाणवावा. पहिले तीन महिने फक्त आरोह-अवरोह आणि वरच्या नी, प आणि म या तीन सुरांचे कण. कंटाळवाणं आहे, गळती इथेच होते. सोळांतले पाच जण सुटतील, सुटू द्या.

छिद्रं बोटाच्या टोकाने झाकायची नाहीत, पेराच्या सपाट मांसल भागाने झाकायची. बोटं ताठ, मनगट सैल. रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी तीन तास बसून भागत नाही.

दिवाळीपर्यंत दुहेरी-तिहेरी कण, फेब्रुवारीपर्यंत दोन धुना पाठ. मग वणव्यांचा मोसम सुरू होतो. आंब्या-काजूच्या बागांतून वर्दीवर वर्दी येते आणि मे अखेरपर्यंत सराव विस्कळीत होणारच. तो हिशेबात धरूनच वेळापत्रक आखायचं, म्हणजे कुणाला अपराधी वाटत नाही.

धुना निवडताना सुरांची मर्यादा विसरू नका. कोमल गंधार, कोमल रिषभ नाहीत, त्यामुळे भैरवीचा नाद सोडावा. शुद्ध निषाद नाही, म्हणून देसही जमत नाही. भूप, दुर्गा, मधमाद सारंग मात्र चपखल बसतात. तार षड्जाच्या वर काहीच नसल्याने अंतरा उंच जाणारी गाणी अडतात. त्यावर तोड अशी की 'म'ला सा मानायचं. मग मंद्र मध्यमापासून पंचमापर्यंत बिलावलाचे सूर मिळतात, ड्रोन पंचमाचा होतो आणि कमी पल्ल्याच्या आरत्या, लोकगीतं सहज बसतात. कोळीगीतांचा सहा मात्रांचा झोका तर स्कॉटिश मार्चच्या 6/8 तालाशी इतका जुळतो की ढोलवाल्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. राष्ट्रगीत पहिल्या वर्षी वाजवू नका. ते पोलिसांच्या बँडकडेच राहू द्या.

ढोल

इथे कोकणाचं पारडं जड आहे. खालुबाजात ताशा वाजवणारा, शिमग्यात पालखीपुढे ढोल धरणारा पोरगा केंद्रात असतोच. त्याचे हात आधीच तयार असतात. अडचण उलटी असते: त्याला थांबवावं लागतं. पाइप बँडचा साइड ड्रम पाइपच्या धूनेला धरून चालतो. कातडी फार ताणलेली, काठ्या जाड, आणि रोल (सलग थरथरता ठोका) उसळत्या काठीचा. ताशाची सवय मनगटाने प्रत्येक टोला मारण्याची. सहा महिने रबरी पॅडवर हळू लयीत रोल घोटून घ्या, वेग आपसूक येईल.

बेस ड्रमवर सर्वांत शांत माणूस नेमा. हुशार नसला तरी चालेल, पण लय पळवणारा नको. मिरवणुकीत लय पळते ती दर वेळी बेसवाल्यामुळे, हे कुठलाही जुना बँडवाला सांगेल. टेनर शेवटी आला तरी अडत नाही.

खाऱ्या वाऱ्याने ढोलाचे खिळे-बोल्ट गंजतात. किनाऱ्यावर वाजवून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवायचा, त्याच संध्याकाळी.

आता पाइप

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी खरेदी. संच जमेल तसे दोन-दोन घ्या. बाजारात शिसवीचे, पितळी नक्षीचे स्वस्त संच दिसतात. त्यांतले पुष्कळसे भिंतीवर टांगण्याच्या लायकीचे असतात, सुरात येतच नाहीत. चांगले पाइप आफ्रिकी काळ्या लाकडाचे असतात, पण आपल्या हवेत मी ते सुचवणार नाही. जुलैत लाकूड फुगतं, जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात आकसतं आणि तडा जातो. पॉलिपेन्को किंवा डेलरिनसारख्या टणक प्लास्टिकचे संच रंगरूपाला साधे असतात, पण वर्षभर सुरात राहतात. पिशवी कातड्याऐवजी कृत्रिम कापडाची, आतून साफ करता येईल अशी चेन असलेली घ्या. ड्रोनच्या रीड (हवेने थरथरून आवाज काढणाऱ्या पात्या) कृत्रिम चालतात. चँटरची रीड मात्र नैसर्गिक केनचीच (बोरूसारख्या पोकळ गवताची) हवी, सुरुवातीला मऊ, आणि माणशी दोन तरी शिल्लक.

दोन महिने नुसती पिशवी आणि पाइपचा चँटर (सुरांच्या छिद्रांची नळी), ड्रोनची तोंडं बुचाने बंद. मग एक टेनर उघडायचा, मग दुसरा, मग बेस. सगळं एकदम उघडलं की शिकाऊ माणसाला घेरी येते.

खरी कसोटी दाबाची आहे. तोंडाने फुंकताना कोपर सैल, श्वास घेताना कोपराने पिशवी दाबायची, आणि या अदलाबदलीत रीडवरचा दाब तसूभर हलू द्यायचा नाही. पंप चालवणाऱ्याला हे समजावायला अर्धा मिनिट लागतो: इंजिनचा वेग काहीही होवो, गेजचा काटा जागेवर हवा. तसा गेज इथेही करता येतो. पारदर्शक नळी 'यू' आकारात फळीवर बसवा, अर्धी रंगीत पाण्याने भरा, एक टोक पिशवीला जोडा. पाणी जिथे चढलं तिथे स्थिर ठेवायचा सराव करायचा. एवढ्या स्वस्त उपकरणाने सुराचे निम्मे प्रश्न सुटतात.

स्वच्छतेकडे काणाडोळा नको. 2016 साली इंग्लंडातल्या डॉक्टरांनी एका पाइपवादकाची नोंद प्रसिद्ध केली होती: वाद्यात वाढलेल्या बुरशीमुळे फुफ्फुसांना सूज येऊन तो दगावला. आपली माणसं आधीच धुरात काम करणारी. वाजवून झालं की पिशवी उघडून वाळवायची, ब्लोपाइप (फुंकायची नळी) साबणाच्या पाण्याने धुवायचा, रीड वेगळ्या डबीत. दुसऱ्याच्या पाइपला तोंड लावायचं नाही. मोठ्या आगीवरून आलेल्याने दोन दिवस पाइप फुंकू नये, दमा असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिकायलाच बसू नये. शिवाय हे वाद्य कानठळ्या बसवणारं आहे. इअरप्लगची डबी सरावाच्या हजेरीपुस्तकाशेजारीच असावी.

कपाट वरच्या मजल्यावर ठेवा. 22 जुलै 2021 ला पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, हे चिपळुणात आणि महाडात कुणाला सांगायला नको.

सूर लावणे

पाइपचा 'सा' हार्मोनियमच्या काळी पाचपेक्षा किंचित वर असतो, त्यामुळे पेटीला किंवा पितळी बँडला जोडून वाजवायला जाऊ नका. आधी सगळे चँटर आपसांत जुळवायचे. रीड आत सरकवली की सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. एखादंच छिद्र चढं बोलत असेल तर त्याच्या वरच्या कडेला काळ्या टेपची बारीक पट्टी. मग एकेक ड्रोन लांब-आखूड करत, 'वाँव-वाँव' अशी थरथर मंदावून नाहीशी होईपर्यंत. तापल्यावर सूर चढतो, म्हणून सावलीत जुळवलेले पाइप एप्रिलच्या उन्हात बेसूर होणारच. दहा मिनिटं त्याच उन्हात वाजवून मग जुळवावं.

पहिला कार्यक्रम

दुसऱ्या वर्षीच्या गणेश विसर्जनाचा बंदोबस्त आटोपला की चालत वाजवण्याची कवायत सुरू करा. सुरुवात अशी: 'तेज चल'ला ढोलाचे दोन रोल, त्या दरम्यान पिशवी उचलून ड्रोन एकदम लागले पाहिजेत, लगेच सगळ्यांचा 'प' आणि मग धून. हे एकसाथ जमायला जानेवारी उजाडते. थांबणं त्याहून कठीण, कारण एकाचा जरी ड्रोन कण्हत राहिला तरी सगळी शान जाते. मांडवीसारख्या किनाऱ्यावर सराव करायचा मोह होतो, पण वारा आडवा आला की ड्रोन गडबडतात आणि चँटरमध्ये वाळू जाते. शाळेचं मैदान बरं.

किल्ट नको, असं माझं स्पष्ट मत आहे. दलाचा रोजचा गणवेश, त्यावर लाल पट्टा, पायात चकचकीत बूट. आपल्या घामाच्या हवेत लोकरीचा घागरा घालून तीन किलोमीटर चालणाऱ्याला शेवटी रुग्णवाहिका लागेल.

26 जानेवारीला केंद्राच्या आवारातच, घरच्या माणसांपुढे एकदा वाजवून घ्या. 14 एप्रिलला धुना तीनच: येताना एक जलद चाल, पुष्पचक्र वाहताना एका पाइपरची संथ धून, जाताना पुन्हा जलद. मधली धून एकट्यानेच वाजवायची, ढोल नाही. त्यासाठी बोटांनी सगळ्यात तरबेज असलेला निवडू नका. ज्याचा दाब हलत नाही तो निवडा. सगळं मिळून बारा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. आणि बँडमधल्या प्रत्येकाची त्या दिवशीची पाळी आठवडाभर आधी बदलून घ्या, तोंडी नव्हे, हजेरीपटावर.